दुःखाचे कथन आणि आशेचे स्थान : चार मराठी कथात्म साहित्यकृतींच्या अनुषंगाने

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न थोड्याफार शब्दभेदाने वर्षानुवर्षे येत राहिला आहे : अमुक कादंबरीतील जीवनदृष्टी आशावादी आहे की निराशावादी, हे साधार स्पष्ट करा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अध्यापकांना त्याची उत्तरेही पाठ झालेली असतात. विद्यार्थी प्रथम दुःखाच्या प्रसंगांची यादी देतो, मग 'तथापि' हा शब्द लिहून दोन-चार दिलासादायक प्रसंग नोंदवतो आणि अखेरच्या पानावर काय घडते ते पाहून निकाल देतो. पाऊस पडला, मूल जन्मले, नायक वाचला तर कादंबरी आशावादी, अन्यथा निराशावादी. मध्येच कोठेतरी 'आशेचा किरण' हा शब्दप्रयोग येतोच. तो मार्गदर्शक पुस्तिकांतून आलेला असतो आणि त्या पुस्तिका आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलेल्या असतात.

या पद्धतीचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे योग्य नाही. सुखदुःखाचा 'समतोल' ही परिभाषा मराठी समीक्षेनेच रूढ केली. तिच्यामागे तराजूची प्रतिमा आहे. एका पारड्यात यातना, दुसऱ्यात आशा आणि काटा मध्यावर आला की कलाकृती साधली, असे ती सुचवते. परंतु कथात्म साहित्यात दुःख आणि आशा यांचे प्रमाण मोजून फारसे काही हाती लागत नाही. दोनशे पानांची यातना एखाद्या कृतीत वाचकाला खचवत नाही आणि दुसऱ्या एखाद्या कृतीतील सुखान्त त्याला खोटा वाटतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, विचारण्याजोगा प्रश्न आशा किती आहे हा नसून ती संहितेत कोठे ठेवलेली आहे आणि कोणाच्या वाट्याला आलेली आहे, हा आहे. यासाठी चार परिचित कृतींचा विचार केला आहे : साने गुरुजींची 'श्यामची आई', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आणि बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा. चारही कृती अभ्यासक्रमांमुळे सर्वांच्या परिचयाच्या असल्याने कथानके सविस्तर सांगितलेली नाहीत.

भरतमुनींचा एक भेद

करुण रसाची चर्चा आपण वर्गात 'शोक हा स्थायिभाव' येथे सुरू करतो आणि बहुधा तेथेच संपवतो. परंतु नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांच्यात एक सूक्ष्म भेद केलेला आहे, तो येथे उपयोगी पडतो. दोन्हींत अश्रू आहेत, विरह आहे, चिंता आहे. मग फरक कशाचा? विप्रलंभ हा सापेक्ष भाव आहे, म्हणजे पुन्हा भेट होण्याची अपेक्षा त्यात शिल्लक असते. करुण निरपेक्ष आहे, तेथे ही अपेक्षाच संपलेली असते. दुःखाच्या तीव्रतेवरून भरताने हा भेद केलेला नाही. अपेक्षा उरली आहे की नाही, एवढीच त्याची कसोटी आहे. दुःख आणि आशा यांचा परस्परसंबंध इतक्या नेमकेपणाने मांडणारे विवेचन आपल्या परंपरेत असताना आपण तराजू का हाती घेतला, हे एक कोडेच आहे.

अर्थात नाटकासाठी केलेला हा भेद कादंबरीला जसाच्या तसा लागू पडत नाही. भरताच्या विवेचनात अपेक्षा पात्राची असते. कादंबरीत व कथेत पात्राखेरीज निवेदक असतो, त्याचा काळ असतो, सांगण्याचे निमित्त असते आणि ऐकणारा असतो. त्यामुळे पात्र पूर्णतः निरपेक्ष झालेले असतानाही संहिता सापेक्ष राहू शकते. आई मरते, पण गोष्ट सांगणारा मुलगा उरतो. गाव उठते, पण गावाने बांधलेली भिंत उरते. आशा पात्राकडून अन्यत्र सरकते. ही सरकण्याची क्रिया पाहणे हे समीक्षेचे काम आहे, कारण सरकताना ती कधीकधी ज्याने भोगले त्याच्या हातून कायमचीच निसटते.

याला जोडूनच वाचकाचा प्रश्न येतो. दुःखाच्या वाचनातून आनंद कसा मिळतो, या जुन्या वादात न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, परंतु स्वतःची भूमिका पुरती विसरत नाही. या दुहेरी अवस्थेत आनंदाचे मूळ आहे, असे त्या कल्पनेचे सार. वादाच्या इतर अंगांत येथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवावेसे वाटते की, या कल्पनेतील वाचक आपले घर सुरक्षित असलेला वाचक आहे. त्याचा 'विकल्प' शाबूत आहे. पुस्तक मिटले की तो आपल्या जागी परत येऊ शकतो. ज्याच्या घरी कर्जाच्या वसुलीसाठी माणूस येऊन बसतो, त्या विद्यार्थ्याने कर्जाची गोष्ट वाचली तर तो परत कोठे येणार? आज आपल्या महाविद्यालयांत, विशेषतः तालुक्याच्या गावी, असा विद्यार्थी अपवाद राहिलेला नाही. आशेच्या स्थानाचा प्रश्न त्याच्यासाठी निव्वळ वाङ्मयीन उरत नाही.

कथनाची चौकट : 'श्यामची आई'

'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा बराचसा मजकूर साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावे आहेत. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी ती रचना आहे. आठवणींतील आशय पाहिला तर तो उतरत्या कळेचा आहे. एकेकाळचे संपन्न खोताचे घर कर्जात बुडते, एकत्र कुटुंबातून वेगळे निघावे लागते, गवताने शाकारलेल्या झोपडीत संसार मांडावा लागतो, सावकाराचा माणूस दारात येतो, आई आजारी पडते आणि मुलगा दूर असताना तिचा अंत होतो. भरताच्या कसोटीने हा शुद्ध करुण आहे.

तरीही मराठी घरांत हे पुस्तक लहान मुलांच्या हाती निर्धास्तपणे दिले गेले आणि आजही दिले जाते. याचे कारण त्याच्या चौकटीत आहे. प्रत्येक रात्री सांगणारा श्याम प्रौढ, स्थिर आणि प्रेमळ आहे. आईने जे दिले ते फळाला आले आहे, याचा पुरावा म्हणून तो वाचकासमोर बसलेला आहे. शिवाय 'रात्र' या एककातच पुढच्या रात्रीचे आश्वासन आहे. ऐकणारे उद्या पुन्हा येणार आहेत. तुरुंगात, उद्याचा भरवसा नसताना लिहिलेल्या पुस्तकाने हे एकक निवडावे, ही गोष्ट आजवर पुरेशा लक्षपूर्वक पाहिली गेलेली नाही. पात्राची अपेक्षा संपत जाते तसतशी कथनाची अपेक्षा दृढ होत जाते, हे या पुस्तकाचे रचनातत्त्व आहे.

मात्र येथेच एक अडचण उभी राहते. आशा मुलाच्या निवेदनात ठेवली की आईचे दुःख हे मुलाच्या जडणघडणीचे साधन ठरण्याचा धोका असतो. तिने सोसले म्हणून तो घडला. तो घडला म्हणून तिचे सोसणे सार्थकी लागले. हा हिशेब पुस्तकापेक्षाही पुस्तकाच्या अध्यापनात अधिक ठळक झाला आहे. वस्तुतः पुस्तकात आईची स्वतःची अपेक्षाही आहे. माहेरच्या घरात आश्रितासारखे राहण्याचे ती नाकारते आणि स्वतःच्या झोपडीचा आग्रह धरते, त्या प्रसंगी आशा तिच्या हाती आहे, मुलाच्या नव्हे. पुढे सावकाराच्या माणसाने केलेल्या अपमानाने ती आतून मोडते, तेव्हा ती अपेक्षा संपते. आणि ती संपली हे कोणताही संस्कार भरून काढू शकत नाही. 'श्यामची आई' ही संस्कारांची गोष्ट आहे तितकीच ती कर्जाची गोष्ट आहे. आपण पहिली शिकवतो आणि दुसरी गाळतो. आई कशाने मेली, हा साधा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तर आजाराच्या नावापाशी थांबते की त्याच्या मागे जाते, यावरून या पुस्तकाचे आपण काय केले आहे ते कळेल.

उभी राहिलेली तालीम : 'बनगरवाडी'

'बनगरवाडी' (१९५५) मध्ये असा दिलासा नाही. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर औंध संस्थानातील एका धनगरवाडीत एकशिक्षकी शाळेवर रुजू होतो. (श्यामही शिकायला औंधलाच गेला होता, हा केवळ योगायोग, परंतु शिक्षणाची आस्था बाळगणारे ते छोटे संस्थान मराठीच्या दोन प्रिय पुस्तकांत दोन बाजूंनी यावे, हे लक्षात राहते.) मुले मेंढरांमागे जातात म्हणून शाळा भरत नाही, मग हळूहळू भरू लागते. मास्तर गावाची पत्रे लिहितो, पैशांचे व्यवहार पाहतो, भांडणांत पडतो, कारभाऱ्याच्या मर्जीत बसतो आणि त्याच्या संशयालाही पात्र ठरतो. त्याच्याच कल्पनेतून गावात तालीम बांधण्याचा बेत निघतो. वाडी अंगमेहनतीने ती बांधते आणि खुद्द राजा तिच्या उद्घाटनाला येतो. एवढे होते न होते तोच पाऊस दगा देतो. गवत संपते, मेंढरे मरू लागतात, माणसे गाव सोडतात आणि शेवटी मास्तरचीही बदली होते.

शेवटचे पान पाहून निकाल देणाऱ्या पद्धतीने ही कादंबरी निराशावादीच ठरेल. तालीम रिकामी, शाळा रिकामी, वाडी रिकामी. परंतु कादंबरी वाचून झाल्यावर मनावर राहणारा ठसा असा नाही, आणि तो तसा का नाही याचे उत्तर 'पण मास्तरने प्रयत्न केला' या विधानात नक्कीच नाही. मास्तरला 'आशेचा किरण' करणे ही या कादंबरीशी केलेली सर्वांत मोठी प्रतारणा होय. माडगूळकरांनी त्याला तारणहार होऊ दिलेले नाही. तो पगारी नोकर आहे. दुष्काळ त्याला उपाशी मारणार नाही. बदलीचा हुकूम त्याला दुसरे गाव देईल. वाडीतल्या कोणालाही असा हुकूम येणार नाही. निवेदकाचे वाचणे हे गावाचे वाचणे नव्हे, ही जाण या कादंबरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. त्यामुळे 'श्यामची आई'त जो मार्ग मोकळा होता, म्हणजे भोगणाऱ्याची अपेक्षा संपली की ती सांगणाऱ्याकडे सोपवण्याचा, तो येथे जाणीवपूर्वक बंद केलेला आहे.

मग आशा कोठे आहे? माझ्या मते ती तालमीच्या बांधकामात आहे. तालमीच्या उपयोगात नव्हे. हा भेद महत्त्वाचा वाटतो. आपण आशेला भविष्याविषयीचे विधान समजतो : पुढे चांगले होईल. हे विधान खरे ठरले तर आशा खरी, खोटे ठरले तर भ्रम. 'बनगरवाडी' आशेकडे भविष्यकथन म्हणून पाहत नाही. एरवी आपापल्या मेंढरांपुरती जगणारी, संशयी, भांडखोर, दरिद्री माणसे काही आठवडे एका कामावर एकत्र आली, दगड वाहिले, भिंत उभी केली, हे घडले. दुष्काळाने पुढचे सारे उधळून लावले तरी घडलेले न घडलेले होत नाही. रिकाम्या वाडीत उभी असलेली तालीम म्हणूनच एकाच वेळी कादंबरीतील सर्वांत खिन्न आणि सर्वांत ताठ वस्तू आहे. माडगूळकर तिच्याबद्दल काही बोलत नाहीत, हे विशेष.

याच दृष्टीने शेकूच्या बायकोचा प्रसंग पाहावा. शेकूपाशी एकच बैल आहे. जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. मराठी कादंबरीतील यातनेच्या चित्रांत हे चित्र अग्रभागी ठेवावे लागेल. परंतु माडगूळकर ते कळवळ्याच्या विशेषणांनी सजवत नाहीत. बाई ओढते आहे, पेरणी होते आहे. हा प्रसंग दुःखाचा की जिद्दीचा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि आपण 'दोन्हींचा' असे उत्तर देऊन मोकळे होतो. ते उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. बाईने बैलाची जागा घ्यावी लागणे ही निखळ विटंबना आहे. आणि ती जागा घेतल्यावाचून पेरणी होणार नाही हे ओळखून ती पुढे येते, हा निखळ निर्णय आहे. एकाने दुसऱ्याची तीव्रता कमी होत नाही. समतोलाच्या कल्पनेत एक बाजू दुसरीचे वजन कमी करते. येथे दोन्ही बाजू पूर्ण वजनाने उभ्या आहेत.

माणदेशात दुष्काळी दिवसांत गाव सोडून जाण्याला 'जगायला जाणे' म्हणतात. कोणी कोठे गेला असे विचारले तर 'जगायला गेला' असे उत्तर मिळते. स्थलांतर, विस्थापन हे आपले पारिभाषिक शब्द या बोलीतील क्रियापदापुढे थिटे आहेत. या एका शब्दात गाव मेल्याची कबुली आणि माणूस मरणार नाही याचा आग्रह एकत्र आहे. ज्या प्रदेशाची बोलीच असा शब्द घडवते, त्या प्रदेशाच्या कादंबरीत आशेसाठी वेगळे प्रकरण लिहावे लागत नाही.

उशिरा आलेली आशा : 'स्मशानातील सोनं'

अण्णा भाऊ साठे यांच्या कथेत आशा येते. ती अगदी ठोस, रोखठोक रूपात येते आणि तिचे येणे हाच आघात ठरतो. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करीत असतो. खाण बंद पडते. उपाशी बसलेल्या भीमाला स्मशानातल्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि तो राख चाळून, पुढे प्रेते उकरून सोने काढू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो एका प्रेताच्या तोंडात हात घालतो आणि त्याची बोटे जबड्यात अडकतात. कसाबसा सुटून तो घरी पोहोचतो. डॉक्टर त्याची दोन बोटे कापतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की, बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होणार आहे.

या शेवटाला 'दैवदुर्विलास' म्हणण्याची रीत आहे. तो शब्द येथे गैरलागू आहे. खाण बंद झाली ती दैवाने नव्हे आणि सुरू होणार तीही दैवाने नव्हे. भीमाला कोणताही अलौकिक दिलासा नको होता; त्याला काम हवे होते. अण्णा भाऊंनी आशेला मजुरीचे नाव दिले आहे. म्हणूनच शेवटी भीमा लहान मुलासारखा रडतो ते वेदनेने नाही. डोंगर फोडणारी बोटे गेल्यावर काम आले, हा हिशेब त्याला कळतो. वाचकालाही तो कळतो आणि त्याच्यापुढे एक अगदी साधा विचार येतो : खाण बंद पडली नसती तर? हा विचार सुचणे म्हणजेच या कथेतील आशा होय. जे घडले ते अटळ नव्हते, अशी जाणीव कथा देते. दैवाची भाषा वापरली की ही जाणीव पुसली जाते, आणि मग उरते ते केवळ भयानक दृश्य. वर्गात ही कथा रोमांचक म्हणून ऐकली जाते, मुले श्वास रोखून ऐकतात; परंतु खाण का बंद पडते, हा प्रश्न कोल्ह्यांच्या झुंजीत हरवतो. या बाबतीत दोष अंशतः कथेकडेही जातो. झुंजीचे वर्णन इतके जोरकस आहे की, अण्णा भाऊंच्या आतील शाहिराने कथाकारावर क्षणभर मात केली आहे, असे वाटते.

चाकू आणि उत्तर : 'जेव्हा मी जात चोरली होती'

बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातील या शीर्षककथेत आशेची जागा ठरवणे सर्वांत कठीण आहे. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला निवेदक उत्साहाने भरलेला आहे. जात विचारली गेली तेव्हा तो नव्या भारताच्या, श्रमाच्या आणि माणुसकीच्या भाषेत उत्तर देतो. म्हणजे आशा कथेच्या आरंभीच आहे आणि ती त्याच्या शब्दांत आहे. त्या शब्दांनी आणि कवितांनी भारावलेला रामचरण त्याला आपल्या घरी नेतो. जात उघडकीस येताच तेच लोक त्याला मारहाण करतात. त्याला सोडवतो तो काशिनाथ. तोही दलित कामगार, परंतु जात न लपवणारा आणि चाकू बाळगणारा. मार का खाल्लास, या काशिनाथच्या प्रश्नाला निवेदक उत्तर देतो, त्याचा आशय असा की, मारणारे हे लोक नव्हतेच, मारले ते मनूने.

हे उत्तर मराठी दलित कथेतील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या उत्तरांपैकी एक आहे. त्याकडे विवेकाचा, विशाल मानवतेचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. मला ते तितके सरळ वाटत नाही. मारणाऱ्या हातांमागची व्यवस्था ओळखणे हे निःसंशय मोठे आकलन आहे. व्यवस्था ओळखली तर ती बदलता येते, ही त्यातील अपेक्षा आहे. परंतु हेच उत्तर सुखवस्तू सवर्ण वाचकाला फार सोयीचे पडते. मनू मेला आहे, रामचरणला मोकळीक मिळाली, वाचकालाही मिळाली. मार खाणाऱ्याने आपल्या आकलनातून मारणाऱ्याला सोडवले, एवढाच अर्थ वाचक घेऊन गेला तर कथेतील आशा पुन्हा एकदा भोगणाऱ्याकडून निसटून दुसऱ्याच्या पदरात पडली, असे म्हणावे लागेल. बागुलांना हा धोका दिसत होता, असे मानायला आधार आहे, कारण त्यांनी काशिनाथला तेथे उभे केले आहे. त्याच्या चाकूने निवेदकाचा जीव वाचला आहे. केवळ आकलनाने तो वाचला नसता. दोन अपेक्षा शेजारी शेजारी उभ्या आहेत, एक समजून घेणारी आणि एक प्रतिकार करणारी. कथा त्यांच्यात निवाडा करीत नाही. आपण मात्र वर्गात निवाडा करून टाकतो आणि काशिनाथला 'तापट मित्र' एवढीच भूमिका देतो.

काही जोड-नोंदी

या चार कृतींच्या तुलनेत वि. स. खांडेकरांच्या ध्येयवादी कादंबऱ्यांत आशेचे स्थान शोधावे लागत नाही; ती सुभाषितवजा वाक्यांत थेट सांगितलेली असते. त्या वाक्यांनी दोन पिढ्यांना बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाक्यात ठेवलेली आशा काळाबरोबर लवकर जुनी होते आणि प्रसंगात ठेवलेली तितकी होत नाही, हेही दिसून येते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आहे. आळशी, निष्क्रिय नवऱ्याचा संसार ओढताना कौतिक पुन्हा पुन्हा नवा बेत आखते आणि प्रत्येक बेत फसतो. निवेदक दिलासा देत नाही. गाव देत नाही. शेवटही देत नाही. तरीही 'धग' वाचकाला दडपून न टाकता धरून ठेवते, याचे श्रेय मोठ्या अंशी कौतिकच्या वऱ्हाडी बोलीला द्यावे लागेल. तिच्या बोलण्यातील तिखटपणा, नेमकेपणा आणि कधी कधी उफाळणारा विनोद हे परिस्थितीने तिच्याकडून हिरावून घेतलेले नाही. हरणारी स्त्री बोलण्यात हरत नाही. या अंगाने 'धग'चा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

वर्गातील प्रश्न

आता पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे येऊ. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित झाली. उच्चशिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला, कोरडवाहू शेतीत अडकलेला एकनाथ तिच्या केंद्रस्थानी आहे. विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयात ही कादंबरी शिकवताना समोरच्या बाकावर एकनाथचे धाकटे भाऊ बसलेले असतात. केळकरांच्या 'सविकल्प' अवस्थेतील विकल्प येथे जवळजवळ उरलेला नसतो. पात्राचे दुःख आणि वाचकाचे दुःख यांमधले अंतर संपल्यावर करुणाचा आस्वाद ही भाषा निरर्थक होते.

अशा वेळी अध्यापकाला दोन मोह होतात. पहिला, कादंबरीतील काळोख सौम्य करून सांगण्याचा : शेवटी माणसाने धीर सोडू नये, असे लेखकाला सुचवायचे आहे, इत्यादी. विद्यार्थ्याला हे तत्काळ खोटे वाटते, कारण त्याच्या घरातला धीर कशाने सुटतो ते त्याला लेखकाइतकेच ठाऊक असते. दुसरा मोह अधिक प्रतिष्ठित आहे. काळोखालाच वास्तवाची एकमेव खूण मानायची, जितके अधिक दाहक तितके अधिक अस्सल, असा निकष लावायचा. गेल्या काही दशकांतील आपल्या चर्चासत्रांतील निबंधांत हा निकष सर्रास दिसतो. 'दाहक वास्तव' हा शब्दप्रयोग आता 'आशेचा किरण' याच्याइतकाच झिजला आहे. हे दोन्ही मोह एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दोन्हींत वाचणाऱ्या मुलाच्या हाती काही पडत नाही.

त्याच्या हाती काय पडू शकते, याचे उत्तर मला वरील कृतींच्या वाचनातून काही प्रमाणात मिळाले असे वाटते. आई कशाने मेली, खाण का बंद पडली, काशिनाथ कोठून आला, शेकूच्या बायकोचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न दुःख हलके करीत नाहीत. ते दुःखाला कारण देतात आणि ज्याला कारण आहे ते अटळ राहत नाही. हे प्रश्न विचारायला एखाद्या तासिकेपेक्षा अधिक वेळ लागत नाही. विद्यार्थी त्यांची उत्तरे आपल्या घरच्या माहितीवर ताडून पाहू शकतो. तेथे त्याचा अनुभव त्याच्या आड येत नाही, उलट शिक्षकापेक्षा त्याला अधिक दिसू शकते.

अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांपुढे एक छोटी सूचना ठेवावीशी वाटते. 'बनगरवाडी'वर 'आशावादी की निराशावादी' असा प्रश्न काढण्याऐवजी एकदा असा प्रश्न काढून पाहावा : वाडी उठून गेल्यावर मागे राहिलेली तालीम कोणाची? या प्रश्नाचे ठरावीक उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळणार नाही. काही विद्यार्थी सरकारची म्हणतील, काही मास्तरची, काही दगड वाहणाऱ्यांची. आणि एखादा असेही लिहील की ती अजून कोणाचीच नाही, पाऊस पडल्यावर कोण परत येते ते पाहावे लागेल. त्या शेवटच्या उत्तराला किती गुण द्यायचे, हे मात्र नियामकांच्या बैठकीत आधी ठरवून घ्यावे लागेल.